क्लब बदलत खेळणाऱ्या मिडफिल्डरसाठी: जागा, बूट आणि करार

बडोद्यात पोलो ग्राउंडवर किंवा विद्यापीठाच्या मैदानावर तयार झालेल्या मुलाला फुटबॉलवर पोट भरायचं तर बहुधा गाव सोडावं लागतं. गोवा, कोलकाता, बंगळुरू, ऐजॉल. मधल्या फळीत एकाच क्लबात दहा वर्षं काढणारे विरळाच; दर एक-दोन हंगामांनी क्लब बदलणं हा या पेशाचाच भाग आहे. जानेवारी २०२१ मध्ये, ऐन हंगामात, एफसी गोवाचा लेनी रॉड्रिग्ज एटीके मोहन बागानकडे गेला आणि तिकडून ग्लॅन मार्टिन्स गोव्यात आला. दोघेही मिडफिल्डर.

क्लब निवडताना नाव नको, जागा बघा. तुमच्या जागेवर आधीच किती जण आहेत, प्रशिक्षक मध्ये दोघांना खेळवतो की तिघांना, हे सही करण्याआधी विचारा. मोठ्या क्लबच्या बाकावर गेलेला हंगाम पुढच्या क्लबला दाखवता येत नाही. बचावासमोरची ‘सहा’ आणि पुढे-मागे धावणारी ‘आठ’ या दोन्ही जागा येत असतील तर दारं दुप्पट उघडतात. त्यासाठी चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागे बघायची सवय आणि दुबळ्या पायाने वीस मीटरचा नेमका पास, एवढं रोज घोटा.

क्लबांना पाठवायचा तुमच्या खेळाचा व्हिडिओ चार-पाच मिनिटांचाच करा. दबावाखाली घेतलेला चेंडू, हिसकावलेला चेंडू, पुढे दिलेला पास आधी, गोल नंतर. सोबत एक पूर्ण सामना जोडा, कारण चेंडू नसताना तुम्ही कुठे उभे राहता हे प्रशिक्षकाला तुकड्यांतून कळत नाही.

नव्या गावी बुटांचे दोन जोड न्या. गवतावरच्या बुटांचे लांब स्टड (तळाचे खुंट) कृत्रिम टर्फवर रुततात, पाऊल अडकतं आणि गुडघा पिळवटतो. टर्फला आखूड आणि जास्त स्टडचा बूट हवा. हंगामाच्या मध्येच दाखल झालात तर पहिले दोन आठवडे पूर्ण वेगाच्या धावा हळूहळू वाढवा. छाप पाडायच्या घाईत मांडीचा मागचा स्नायू इथेच फाटतो.

आता करार, म्हणजे सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. किती महिन्यांचा पगार, कोणत्या तारखेला, राहण्याची सोय कोणाची आणि शस्त्रक्रिया लागली तर खर्च कोणाचा, हे लेखी हवं. ‘बोनस देऊ’ हे तोंडी बोलणं धरूच नका. फिफाच्या नियमानुसार एका हंगामात तीन क्लबांकडे नोंदणी चालते, पण अधिकृत सामने साधारणपणे दोघांसाठीच खेळता येतात. म्हणून घाईत एखादा सामना खेळून बसलात तर तिसरं दार बंद होऊ शकतं. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी सही करायची मोकळीक असते. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन क्लबला किमान १५ दिवसांची मुदत द्या. तरीही पैसे आले नाहीत तर करार मोडायला सबळ कारण मिळतं. नोटीस न देता सामान बांधून घरी आलात तर दोष तुमच्यावर येतो. ट्रायलसाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला थारा देऊ नका.

दोन्ही बाजूंच्या सह्यांची प्रत स्वतःकडे ठेवा. क्लब सोडताना ‘काही येणं नाही’ असा कागद पुढे आला, तर बँकेत शेवटचा पगार जमा झाल्यावरच सही करा; आधी केलीत तर थकबाकी मागणं फार अवघड जातं.