बँडसॉवर लागलात? मग हे वाचून घ्या

भोसरी एमआयडीसीत नवीन लागलेल्या पोराला बऱ्याचदा आधी 'कटिंगला' टाकतात, म्हणजे बँडसॉवर, फिरत्या पट्टीच्या ब्लेडनं धातू कापणाऱ्या मशीनवर. औंध आयटीआयमधून मशिनिस्ट होऊन आलेल्याला ते मनाला लागतं, कारण त्याच्या डोक्यात सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) असते. माझं मत वेगळं आहे. राऊंड बारचा कट तिरपा गेला की फेसिंगला (टोक सपाट करायला) जास्तीचं मटेरिअल सोडावं लागतं, आणि ते पैसे थेट भुश्यात जातात. कट सरळ आणणारा माणूस शॉपला परवडतो, आणि मटेरिअलची ओळखही त्याला सगळ्यांत आधी होते.

मशीन बिघडलं की आधी ट्रेमधला बुरा बघायचा. वेटोळी, चंदेरी चिप पडत असेल तर स्पीड (ब्लेड फिरण्याचा वेग) आणि फीड (ब्लेड मटेरिअलमध्ये उतरण्याचा वेग) जमलंय. पावडरसारखा बारीक बुरा म्हणजे फीड कमी. दात कापत नाहीत, नुसते घासतात आणि बोथट होतात. चिप निळी, जाड आणि गरम पडली तर फीड किंवा स्पीड जास्त झालाय. एसएस 304 ला (स्टेनलेस स्टीलला) तर घासू देऊच नका, जागच्या जागी कडक होतं आणि मग ब्लेड आत शिरत नाही. बायमेटल (दोन धातूंच्या) ब्लेडला एमएससाठी (साध्या माइल्ड स्टीलसाठी) मिनिटाला साधारण 60 ते 80 मीटर स्पीड चालतो, 304 ला त्याच्या निम्मा धरा.

दातांचं गणितही पाठ असू द्या. कटमध्ये एका वेळी किमान तीन दात हवेत, सहा ते बारा उत्तम. 100 मिमीच्या भरीव बारला 3/4 टीपीआय (इंचाला 3 ते 4 दात) बसतं. त्याच ब्लेडनं पातळ पाइप कापायला घ्याल तर दात तुटून पडतील.

आता ब्लेड बदलणं. हात कापायचा धोका मला इथे सगळ्यांत मोठा वाटतो, कारण मशीन बंद असतं आणि माणूस निवांत होतो. मेन स्विच बंद करा, त्याला कुलूप लावा, चावी खिशात. टेन्शन सोडा, मग ब्लेड काढा. ब्लेड हाताळताना हातमोजे घालायचे. मशीन चालू करण्याआधी ते काढायचेच, नाहीतर दात मोजा ओढतो आणि मोज्यासोबत हात. नवीन ब्लेडची गुंडाळी फटकन उघडते, तेव्हा गॉगल लावा, ती अंगापासून लांब धरा आणि शेजारी कुणाला उभं राहू देऊ नका. चाकं आणि गाईड (ब्लेडला सरळ धरणारे आधार) ब्रशनं साफ करूनच ब्लेड चढवा. दातांचं तोंड ब्लेड ज्या दिशेला फिरतं त्या दिशेला आहे ना, बघा. उलटं दिसलं तर ब्लेड आतून बाहेर पलटून घ्या.

टेन्शन गेजवर, मशीनच्या मॅन्युअलप्रमाणे. सैल असेल तर कट पोट काढतो, म्हणजे सरळ न जाता फुगतो. ब्लेडची पाठ चाकाच्या कॉलरला घासता कामा नये, थोडी फट हवी. पाठ चकचकीत झालेली किंवा कडेला दबलेली दिसली की समजा ट्रॅकिंग, म्हणजे ब्लेडची चाकावरची जागा, सरकलंय. कव्हरच्या लिमिट स्विचला (कव्हर उघडलं की मशीन बंद करणाऱ्या) टेप लावून ट्रॅकिंग बघणारे उस्ताद भेटतील. त्यांच्याकडून बाकी सगळं शिका, हे सोडून.

तिरप्या कटाला नवशिका पहिला दोष ब्लेडला देतो. आधी गाईड बघा. सरकणारं गाईड जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) शक्य तितकं जवळ आणा. पॉवर बंद ठेवून व्हाइसच्या (जॉब पकडणाऱ्या शिकंज्याच्या) बेडवर गुण्या उभा करा, ब्लेडच्या सपाट अंगाला टेकवा, दातांना नाही, कारण दात दोन्ही बाजूंना वाकवलेले असतात. गुण्याच्या मागे उजेड धरा. वर किंवा खाली फट दिसली तर गाईडचे बेअरिंग किंवा इन्सर्ट झिजलेत नाहीतर हललेत. तिथे सगळं ठीक असेल तरच ब्लेड बोथट आहे का, ते तपासा.

नवीन ब्लेडला पहिले काही कट निम्म्या फीडवर द्या, मगच वाढवा. आणि जुन्या ब्लेडनं अर्धवट सोडलेल्या कटात नवीन ब्लेड कधीच घालू नका. झिजलेल्या ब्लेडचा गाळा (कापलेली खाच) अरुंद असतो, त्यात नवीन ब्लेड अडकतं आणि जातं. बार फिरवून दुसरीकडून सुरुवात करा. तुकडा आखूड असेल तर व्हाइसच्या दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा ठोकळा द्या, नाहीतर जबडा तिरका बसतो आणि जॉब ऐन कटात फिरतो. चालू ब्लेडजवळचा बुरा हातानं किंवा फडक्यानं काढायचा नाही, मशीन थांबवायचं.

कूलंट बनवताना आधी पाणी, मग ढवळत ऑइल. उलटं केलं तर दह्यासारखं फाटतं. बिडाला (कास्ट आयर्नला) कूलंट लागत नाही, कोरडंच कापा. आपल्याकडे सुट्टी गुरुवारची, म्हणून बुधवारी संध्याकाळी टेन्शन थोडं सैल करा आणि स्विचवर 'ब्लेड सैल आहे' अशी चिठ्ठी लावा, कारण शुक्रवारी सकाळी मशीन दुसराच कुणी चालू करू शकतो. त्याच सकाळी टाकीला आंबूस वास आला तर वरून नवीन कूलंट ओतू नका, टाकी रिकामी करून धुवा.

एक वही ठेवा: ब्लेड कधी बसवलं, काय कापलं, कधी आणि कसं गेलं. दात झडले, मधून तुटलं की वेल्डला तुटलं, हे वेगवेगळं लिहा. सीएनसीवर घ्या म्हणून सुपरवायझरकडे जाल तेव्हा ही वही सोबत न्या.