बंदुका गाडीत घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला जाताय? या चुका टाळा

घर हलवायच्या आदल्या रात्री माझ्या शिकारीच्या जॅकेटच्या खिशात १२ बोअरची तीन काडतुसं निघाली. शॉटगन आणि रायफल कुलूपबंद पेट्यांत होत्या, पेट्या मिनीव्हॅनच्या अगदी मागे होत्या, दारूगोळ्याचा डबा वेगळा होता. सगळं नीट झालं म्हणून मी निवांत होतो. थंडी होती, वाटेत लागेल म्हणून जॅकेट मागच्या सीटवर टाकलं होतं. बायकोनं मुलाचा चार्जर शोधायला खिशात हात घातला आणि ती तीन लाल काडतुसं तळहातावर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी आम्हाला न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्स ही बंदुकांचे कायदे कडक असलेली राज्यं ओलांडायची होती.

नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीहून न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआला आम्ही निघालो होतो. दोन्हीकडे मराठी घरं भरपूर आहेत आणि नेमबाजीचा किंवा शिकारीचा नाद असलेली माणसंही आता आपल्यात बरीच आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय. भारतात बंदुकीच्या परवान्यावरच तो कुठल्या हद्दीत चालेल हे छापलेलं असतं, त्यामुळे जिल्हा किंवा राज्य ओलांडताना माणूस आपोआप विचार करतो. अमेरिकेत अनेक राज्यांत घरी बंदूक ठेवायला कागदच लागत नाही. कागद नाही म्हणजे अडचण नाही, असा समज तिथेच होतो.

या प्रवासासाठी एक फेडरल, म्हणजे सगळ्या देशाला लागू असलेला, कायदा आहे, १९८६ चा फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन अ‍ॅक्ट. बोलताना सगळे त्याला फोपा म्हणतात. त्यातून आलेलं ९२६-ए हे कलम अगदी छोटं आहे, प्रत्येकानं स्वतः वाचावं इतकं छोटं. जिथून निघता तिथे बंदूक जवळ बाळगणं तुम्हाला कायदेशीर असेल, जिथे पोचता तिथेही असेल, बंदूक रिकामी असेल आणि बंदूक व काडतुसं दोन्ही प्रवासी बसतात तिथून हाताला लागण्यासारखी नसतील, तर मधल्या राज्याचा कायदा काहीही म्हणो, तुम्ही त्यातून जाऊ शकता.

बहुतेक लोक यातला शेवटचा भाग लक्षात ठेवतात आणि पहिला विसरतात. संरक्षण तेव्हाच मिळतं जेव्हा दोन्ही टोकं कायदेशीर असतात. टेक्सासहून न्यूयॉर्कला राहायला निघालेल्या माणसाकडे न्यूयॉर्कचं पिस्तूल लायसन्स नसेल, तर त्याचं दुसरं टोकच बेकायदा आहे. डिक्कीत कितीही कुलपं लावा, फोपा त्याच्या कामाचा नाही. तिथे 'आधी राहायला जाऊ, मग अर्ज करू' हा क्रम पिस्तुलासाठी चालत नाही, कारण दुसऱ्या राज्याचं लायसन्स न्यूयॉर्क मानत नाही. अशा वेळी पिस्तूल मागे, कायदेशीर जागी ठेवायचं आणि लायसन्स हातात आल्यावर न्यायचं.

आता गाडी. सेदानला वेगळी डिक्की असते, प्रश्न सोपा आहे. आपल्याकडे मात्र ओडिसी, सिएनासारख्या मिनीव्हॅन किंवा तीन रांगांच्या एसयूव्ही जास्त, आणि त्यांत मागची जागा प्रवाशांच्या जागेला जोडलेलीच असते. अशा गाडीत बंदूक आणि काडतुसं कुलूपबंद पेटीत हवीत, असं कलमच सांगतं. समोरचा ग्लव्ह बॉक्स आणि मधला कन्सोल, कुलूप असलं तरी, या पेटीत मोजले जात नाहीत. ही चूक मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडून पाहिली आहे: पिस्तूल ग्लव्ह बॉक्समध्ये, चावी खिशात, आणि मनात पूर्ण समाधान. कापडी पिशवीच्या चेनला लावलेलं बारकं कुलूपही मी भरवशाचं मानत नाही. कडक पेटी घ्या, तिला खरं कुलूप लावा, ती सामानाच्या तळाशी ठेवा आणि वर भांड्यांची खोकी रचा.

रिकामी बंदूक म्हणजे काय, यावरही अडकायला होतं. चेंबरमध्ये गोळी नाही म्हणजे रिकामी, हे आपलं व्याकरण झालं. न्यूयॉर्कच्या दंडविधानात बंदूक आणि तिच्यात चालतील अशी काडतुसं एकाच वेळी एकाच माणसाकडे असली, तरी ती 'भरलेली' ठरते. म्हणून भरलेलं मॅगझिन, म्हणजे बंदुकीत बसणारा काडतुसांचा कप्पा, बंदुकीच्याच पेटीत टाकू नका. मॅगझिनं रिकामी करा, काडतुसं दुसऱ्या कुलूपबंद डब्यात ठेवा, आणि निघण्याआधी रेंजची पिशवी, शिकारीचं जॅकेट, दाराचे कप्पे, सीटखालची जागा हातानं चाचपून घ्या. नजरेनं पाहून चालत नाही. माझी तीन काडतुसं नजरेला दिसलीच नव्हती.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते मुक्कामावर. कलमात शब्द प्रवासाचा आहे, राहण्याचा नाही, आणि हा फरक किती कडक घेतला जातो हे ग्रेग रेव्हेल यांच्या खटल्यात दिसलं. २००५ साली ते युटाहून विमानानं पेनसिल्व्हेनियाला निघाले होते. पिस्तूल रीतसर जाहीर करून, कुलूपबंद करून सामानात दिलेलं. न्यू जर्सीतल्या नेवार्कला पुढचं विमान चुकलं, सामान हातात आलं आणि रात्र हॉटेलात काढावी लागली. सकाळी विमानतळावर त्यांनी स्वतःहून पिस्तूल आहे असं सांगितलं आणि तिथेच अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले, पण त्यांनी भरपाईसाठी केलेला दावा २०१० मध्ये फेडरल अपील कोर्टानं फेटाळला. हॉटेलात रात्रभर पेटी त्यांच्या हाताशी होती, म्हणून कलमाचं संरक्षण सुटलं, असं कोर्टाचं म्हणणं. चूक विमान कंपनीच्या वेळापत्रकाची होती, पण तुरुंगाची कोठडी या माणसानं पाहिली. मला हे आजही अन्यायाचं वाटतं. तरी नियोजन करताना कोर्टानं जे म्हटलं तेच धरून चालावं लागतं.

म्हणून रस्ता नकाशावर आखताना अंतरापेक्षा मुक्काम पाहा. केरीहून आय-९५ हा महामार्ग धरला असता तर मेरीलँड, डेलावेअर, न्यू जर्सी, न्यूयॉर्क शहराची कड, असं एकामागून एक लागलं असतं. आम्ही ग्रीन्सबरोवरून रोअनोकला आलो आणि आय-८१ पकडला. मेरीलँड त्या रस्त्यावर जेमतेम १२ मैल लागतं. मुक्काम पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनजवळ केला. पहाटे टाकी भरली, डबा आणि थर्मास घेतला, आणि आय-८४ नं न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स हा पट्टा एका दमात ओलांडला, सुमारे पाच तासांत. वाटेत भावाकडे रात्रभर थांबणं, शहर बघणं, मुलांना एक दिवस फिरवणं, हे सगळं कायद्यानं मोकळ्या, म्हणजे बंदुकीवर फार निर्बंध नसलेल्या, राज्यात करा.

हॉटेलात गाडी उभी करताना चोरीचाही विचार करा. भाड्याचा सामानाचा ट्रक रात्री पार्किंगमध्ये उभा असला की चोराला तो लांबून ओळखू येतो. मोकळ्या राज्यात मुक्काम असेल तर पेटी खोलीत आणणं बरं. सगळ्या बंदुकांचे सीरिअल नंबर लिहून, फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कुणाकडे ठेवा.

घर हलवतोय याचा पुरावा जवळ असणं किती मोलाचं आहे, हे ब्रायन एटकेन यांच्या प्रकरणानं शिकवलं. कोलोरॅडोत कायदेशीर घेतलेली पिस्तुलं, रिकामी, डिक्कीत कुलूपबंद, आणि माणूस न्यू जर्सीत घर बदलत होता. जानेवारी २००९ मध्ये अटक झाली आणि २०१० मध्ये सात वर्षांची शिक्षा. एका घरातून दुसऱ्या घरात बंदूक नेण्याला न्यू जर्सीच्याच कायद्यात सूट आहे, पण न्यायाधीशानं ज्युरीला त्या सुटीबद्दल सांगितलं नाही. ज्युरीनं स्वतः विचारूनही सांगितलं नाही. डिसेंबर २०१० मध्ये राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी शिक्षा कमी करून त्यांना सोडलं आणि २०१२ मध्ये अपील कोर्टानं पिस्तुलांबद्दलची शिक्षा रद्द केली. होलो पॉइंट म्हणजे टोकाला पोकळ असलेल्या काडतुसांचा गुन्हा मात्र कायम राहिला. या राज्यात ती काडतुसं घेऊन फिरण्यावर वेगळे निर्बंध आहेत, तेव्हा तिकडे जाताना ती सोबत नकोतच.

तेव्हा नव्या घराचा भाडेकरार, जुन्या घराचा कागद, ट्रकची पावती, बंदुकांच्या खरेदीच्या पावत्या यांची एक फाइल करा आणि ती पुढे, बंदुकांपासून लांब ठेवा. कागद काढायला पेटी उघडावी लागता कामा नये. पोलिसानं थांबवलं तर हात स्टिअरिंगवर, आवाज शांत. न विचारता बंदुकीबद्दल सांगावं की नाही, हे राज्यावर आणि तुमच्याकडे कॅरी परमिट, म्हणजे बंदूक अंगावर बाळगण्याचा परवाना, आहे का यावर ठरतं, म्हणून वाटेतल्या प्रत्येक राज्यापुढे ते आधीच लिहून ठेवा. विचारलं तर खोटं बोलायचं नाही. झडतीला संमती मागितली तर सभ्यपणे नाही म्हणता येतं. आणि अटक झालीच तर रस्त्यावर कायदा समजावत बसू नका. फोपा हा प्रत्यक्षात बहुतेक वेळा कोर्टात मांडायचा बचाव ठरतो. वकिलाचा नंबर कागदावर लिहिलेला असू द्या, कारण फोन काढून घेतला जातो.

आपल्या घरांत एक धोका असा आहे की तो इंग्रजी याद्यांमध्ये कोपऱ्यात जातो, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. एच-वन-बी (नोकरीचा), एच-फोर (एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराचा), विद्यार्थी किंवा व्हिजिटर व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्यानं बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्याला ही मनाई लागू नाही. आता चित्र डोळ्यांसमोर आणा: नवरा नागरिक झालाय, बायको अजून एच-फोरवर आहे, गाड्या दोन. ट्रक नवरा चालवणार, मुलं आणि उरलेलं सामान घेऊन व्हॅन बायको चालवणार, आणि 'व्हॅनमध्ये जागा आहे' म्हणून पेटी तिच्या गाडीत. त्या क्षणी बंदूक तिच्या ताब्यात आहे असं धरलं जाऊ शकतं. शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे, आणि इमिग्रेशनवर होणारा परिणाम त्याहून लांब चालतो. पेटी आणि चावी, दोन्ही ज्याला कायद्यानं चालतं त्याच्याच गाडीत. दुपारी थोडा वेळ गाड्या बदलल्या, तरी पेटी बदला.

काही गोष्टी भराभर सांगतो. मुव्हर्स कंपन्या काडतुसं सहसा घेत नाहीत, न सांगता खोक्यात भरू नका. जाताना पिस्तूल दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या मित्राला 'ठेव रे तुझ्याकडे' म्हणून देणं हा फेडरल गुन्हा होऊ शकतो, ते लायसन्सधारक डीलरमार्फतच करायचं. आखूड नळीची रायफल, आखूड शॉटगन किंवा मशीनगन असेल तर राज्य ओलांडण्याआधी एटीएफकडून, म्हणजे बंदुकांचं काम पाहणाऱ्या फेडरल खात्याकडून, ५३२०.२० या फॉर्मवर मंजुरी लागते. पत्ता बदलायला वाटेत पोस्टात थांबू नका, पोस्टाच्या पार्किंगमध्येही बंदुकीला बंदी आहे. आणि डेट्रॉइटहून बफेलोकडे निघालात तर जीपीएस तुम्हाला जवळचा रस्ता म्हणून सरळ कॅनडातून नेतं. तिथे फोपा संपतो आणि पिस्तूल घेऊन सीमेवर पोचणं फार महाग पडतं. मार्ग हातानं लेक एरीच्या दक्षिणेकडून ठेवा.

मॅगझिनचा प्रश्न वेगळा पाहा. ग्लॉक १७ या पिस्तुलासोबत येणारं नेहमीचं मॅगझिन १७ काडतुसांचं असतं. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये मर्यादा १०, कोलोरॅडोत १५. फोपाच्या कलमात बंदूक आणि काडतुसं हे शब्द आहेत, मॅगझिन हा शब्द नाही, म्हणून मोठी मॅगझिनं तिकडे नेऊच नका.

पोचल्यावर दमून सोफ्यावर पडतो आपण, पण मुदती त्याच दिवसापासून सुरू झालेल्या असतात. कॅलिफोर्नियात नव्या रहिवाशानं ६० दिवसांत बंदुकांची माहिती राज्याच्या न्याय विभागाला कळवायची असते. इलिनॉयमध्ये ६० दिवसांत फॉइड कार्ड (बंदूकमालकाचं ओळखपत्र), न्यू जर्सीत ६० दिवसांत ओळखपत्राचा अर्ज आणि नोंदणी, मेरीलँडमध्ये पिस्तुलाची नोंदणी ९० दिवसांत. जुन्या राज्याचं कॅरी परमिट नव्या घरात चालेल असं धरू नका. न्यू हॅम्पशायरमध्ये नोंदणीच नाही, त्यामुळे आमचं काम तिथे संपलं. पेट्या तळघरातल्या तिजोरीत गेल्या आणि रिकाम्या खिशांचं जॅकेट दाराजवळच्या खुंटीवर.