समाजशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत या चुका टाळा

अकरावीच्या समाजशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट दरवर्षी जाणवते. ‘संस्कृती’, ‘समूह’, ‘प्राथमिक’ हे शब्द विद्यार्थ्यांना आधीपासून ठाऊक असतात आणि बहुतेक चुका नेमक्या त्यामुळेच होतात, कारण बोलण्यातला अर्थ नकळत शास्त्राच्या उत्तरात शिरतो.

‘संस्कृती’वर ‘सुसंस्कृत’ या शब्दाची सावली पडते आणि उत्तरात सणवार, अभिजात संगीत व वडीलधाऱ्यांना केलेला नमस्कार एवढेच उरते. मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांच्या १८७१ च्या व्याख्येत मात्र ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा आणि रूढी यांच्या जोडीला समाजाचा घटक म्हणून माणसाने आत्मसात केलेल्या सवयीही येतात. त्या हिशेबाने डब्यावरच्या खुणा वाचून तो नेमक्या जागी पोहोचवण्याची मुंबईच्या डबेवाल्यांची रीत हीसुद्धा संस्कृतीच होय. ‘अमुक लोकांना संस्कृतीच नाही’ हे वाक्य भांडणात चालत असेल, उत्तरात चालत नाही.

समूहाच्या बाबतीत गर्दीलाच समूह म्हटले जाते. फलाटावर लोकलची वाट पाहणारे शेकडो प्रवासी हा केवळ जमाव असतो, तर सर्व पासधारक ही एक वर्गवारी असते, म्हणजे एक गोष्ट समान असलेले, पण एकमेकांशी संबंध नसलेले लोक. परंतु रोज ठरलेल्या गाडीच्या ठरलेल्या डब्यात भेटणारे, एकमेकांसाठी जागा धरणारे आणि दसऱ्याला डब्याची पूजा करणारे प्रवासी हा समूह ठरतो, कारण त्यांच्यात परस्पर आंतरक्रिया आणि ‘आपण’ ही जाणीव असते. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०९ मध्ये मांडलेल्या ‘प्राथमिक समूहा’चाही प्राथमिक शाळेशी काही संबंध नाही, कुटुंब, खेळगडी आणि शेजार यांतील जवळिकीतून व्यक्तीची घडण होते, म्हणून ते प्राथमिक.

सर्वाधिक गुण जातात ते सामाजिक प्रमाणकांत. ‘बहुसंख्य लोक जे करतात ते प्रमाणक’ असे सर्रास लिहिले जाते. वास्तविक प्रमाणक म्हणजे लोकांनी कसे वागावे याविषयीची समाजाची अपेक्षा. लोकलमधील तिघांच्या बाकावर चौथ्याला सरकून जागा देण्याचा रेल्वेचा कोणताही नियम नाही, तरीही ‘जरा सरका’ म्हटल्यावर लोक सरकतात. ज्याला सरकायचे नसते तो खिडकीबाहेर पाहतो किंवा चक्क झोपेचे सोंग घेतो. हे सोंगच प्रमाणक अस्तित्वात असल्याचा पुरावा आहे, कारण अपेक्षाच नसती तर सोंग घ्यावे लागले नसते.

प्रमाणक आणि कायदा एकच मानणे ही त्याला लागूनच येणारी चूक. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ पासून आहे, तरीही काही घरांत ‘मुलाकडच्यांचा मान’ राखणे अपेक्षितच मानले जाते. म्हणजे कायदा एक सांगतो आणि त्या घरांतील प्रमाणक दुसरेच.

लोकरूढी (रोजच्या वागण्याचे सौम्य संकेत) आणि लोकनीती (समाज नैतिकदृष्ट्या अत्यावश्यक मानतो ती प्रमाणके) यांतील फरक विचारल्यावर केवळ दोन उदाहरणे देऊन थांबू नये, तर मोडणाऱ्यावर काय प्रतिक्रिया उमटते तेही लिहावे. चौथी सीट नाकारणाऱ्याच्या वाट्याला कपाळावरच्या आठ्या आणि फार तर एखादा टोमणा येतो, म्हणून ती लोकरूढी. म्हाताऱ्या आईवडिलांना घराबाहेर काढणाऱ्याकडे सारी आळी पाठ फिरवते, ती लोकनीती.