पित्ताम्लाचा माग काढताना ट्रिशियमची खातरजमा कशी करावी

शरीरात कोलिक ॲसिडचा (यकृत बनवतं त्या एका मुख्य पित्ताम्लाचा) साठा किती आणि यकृत रोज नवं किती बनवतं, हे मोजायची रीत स्वेन लिंडस्टेट यांनी 1957 मध्ये मांडली. किरणोत्सारी अणूची खूण लावलेलं पित्ताम्ल द्यायचं, चार-पाच दिवस रोज पित्ताचा नमुना घ्यायचा आणि दर मिलिग्रॅममागची किरणोत्सारिता कशी उतरते ते पाहायचं. गणित सोपं आहे. प्रश्न असतो खूण रेणूवर टिकते का, हा.

रेणूच्या 24 व्या जागेवरचा कार्बन-14 (किरणोत्सारी कार्बन) टिकतो, कारण आतड्यातले जिवाणू ती बाजूची साखळी तोडत नाहीत. 2 आणि 4 या जागांवरचा ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) मात्र बेभरवशाचा. जिवाणू 3 क्रमांकाच्या हायड्रॉक्सिलचा कीटो गट करतात. मग शेजारचे हायड्रोजन सैल होतात आणि पाण्यात निसटतात.

म्हणून दोन्ही खुणा एकाच वेळी द्या. आधी टीएलसीवर (पातळ थरावर घटक वेगळे करायची पद्धत) शुद्धता तपासा. साठवलेलं ट्रिशियमयुक्त द्रव्य स्वतःच्याच किरणांनी खराब होतं. मात्रा देण्याआधी आणि नंतर सिरिंज वजन करा. पहिला नमुना दुसऱ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी घ्या: ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) नळी, पित्ताशय आकुंचन पावण्यासाठी कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक. पित्तात कोलिक ॲसिडला जोडलेले ग्लायसिन-टॉरिन सोडवून कोलिक ॲसिड वेगळं करा, मगच मोजा.

ट्रिशियम आणि कार्बन-14 यांचं गुणोत्तर सगळे दिवस स्थिर राहिलं, तर ट्रिशियम विश्वासाचा. घसरलं, तरी लगेच निष्कर्ष काढू नका. किरणोत्सारिता मोजताना बीटा किरणांमुळे द्रवात प्रकाश चमकतो (सिंटिलेशन); पित्ताचा पिवळा रंग तो प्रकाश गिळतो आणि ट्रिशियमच्या दुबळ्या बीटा किरणांना (कमाल 18.6 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) त्याचा फटका कार्बन-14 पेक्षा (156) कितीतरी जास्त बसतो. प्रत्येक कुपीत अंतर्गत प्रमाण (माहीत असलेल्या किरणोत्सारितेचं द्रव्य) घालून दुरुस्ती करा, कार्बन-14 ची ट्रिशियमच्या खिडकीत (मोजणीच्या ऊर्जापट्ट्यात) होणारी गळतीही वजा करा. तरीही घसरण उरली, तर लघवीचं ऊर्ध्वपातन करून त्या पाण्यात ट्रिशियम शोधा. तिथे सापडला, तर खूण खरोखरच सुटली आहे.

खूण सुटली, तरी साठ्याचा आकडा फारसा बिघडत नाही, कारण तो किरणोत्सारितेच्या उतरत्या आलेखाच्या शून्य वेळेच्या छेदावरून येतो. बिघडतो उतार. समजा साठा 1.5 ग्रॅम, साठा बदलण्याचा खरा दर रोज 0.30 (म्हणजे साठ्याचा 0.30 भाग) आणि खूण सुटण्याचा 0.10. मग दर 0.40 दिसतो आणि निर्मिती 0.45 ऐवजी 0.60 ग्रॅम निघते.

मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी हा खटाटोप नकोच. तिथे कार्बन-13 (किरणोत्सारी नसलेली खूण) आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंचं वस्तुमान मोजायची पद्धत) वापरा. त्याला रक्तातलं सीरमही पुरतं.