ड्रेनेजचं कनेक्शन नियमात कसं घ्यायचं: आधी खोली मोजा, मग खोदा

घर बांधताना लोक टाईल्स निवडायला महिना घालवतात आणि ड्रेनेजचा विषय निघाला की "ते प्लंबर बघेल", मीही त्यातलाच. प्लिंथ भरून झाली आणि मग कळलं की रस्त्यातली लाईन एवढी उथळ आहे की मागच्या बाथरूमचं पाणी ढाळाने तिथपर्यंत जाणारच नाही. शेवटी अख्खं बाथरूम उचलून वर घेतलं, आजही आंघोळीला दोन पायऱ्या चढून जातो आम्ही. म्हणून खाली क्रम लिहितोय, आणि यात क्रमच महत्त्वाचा आहे.

१. नियम कुठला लागतो ते आधी विचारा

नेटवर ढाळाचे आकडे ढिगाने मिळतात, सगळे बरोबर असतात, फक्त तुमच्या गावाचे नसतात. इंग्लंडमध्ये १०० मिमी पाईपला निदान एक संडास जोडलेला असेल तर १:८० ढाळ (म्हणजे ८० मीटर लांबीत १ मीटर उतार) चालतो, पाण्याचा ओघ कमी असेल तर १:४० लागतो. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल प्लंबिंग कोडमध्ये (कोड म्हणजे बांधकामाची नियमावली) ३ ते ६ इंची पाईपला फुटामागे पाव इंचाच्याही निम्मा, म्हणजे १:९६ सुद्धा चालतो. आणि एखादा देशपातळीचा कोड असला तरी तो तुमच्या स्थानिक संस्थेने जसाच्या तसा घेतलाय का त्यात आपल्या दुरुस्त्या घातल्यात हे तिथेच कळतं. तेव्हा स्थानिक ऑफिसात जाऊन तीन गोष्टी विचारा आणि शक्यतो लेखी घ्या: कोणता कोड आणि कुठल्या वर्षाचा, सांडपाणी आणि पावसाचं पाणी एका लाईनीत चालतं का वेगळं लागतं, आणि तुमची जबाबदारी नेमकी कुठपर्यंत. हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. काही ठिकाणी हद्दीपर्यंतच घरमालकाची, काही ठिकाणी थेट रस्त्याखालच्या मेन लाईनपर्यंत, आणि पाईप तुंबला की हाच मुद्दा भांडणाचा होतो.

२. इनव्हर्ट लेव्हल घ्या, म्हणजे गणित होतं

इनव्हर्ट म्हणजे पाईपच्या आतला तळ. रस्त्यातल्या मेन लाईनचा इनव्हर्ट किती खोल आहे हे ऑफिसकडून मागा. स्वतः मॅनहोलचं झाकण उघडून आत वाकू नका, उतरायचं तर नावच नको, आत हायड्रोजन सल्फाईड हा विषारी वायू असतो, त्याचं प्रमाण वाढलं की त्याचा वासही येईनासा होतो आणि माणूस तिथेच जातो.

आता समजा मेन लाईनचा तळ रस्त्यापासून ९० सेंमी खाली आहे. तुमचा पाईप तिच्या तळाशी नाही, थोडा वरून मिळतो, धरा ८० सेंमीवर. घर तिथून १२ मीटर आत आणि ढाळ १:४०, म्हणजे १२०० भागिले ४०, ३० सेंमी. घराशी पाईपचा तळ आला रस्त्यापासून फक्त ५० सेंमी खाली. एवढ्यात पाईपची जाडी, बेंड, ट्रॅप (पाणी साचून राहणारा वाकडा भाग) आणि वरची फरशी बसवायची. रस्त्यापेक्षा जमीन उंच असेल तर आरामात बसतं, खोलगट प्लॉट असेल किंवा तळघरात संडास काढायचा असेल तर पंप लागणार, आणि मेन लाईन भरल्यावर पाणी उलटं घरात येऊ नये म्हणून बॅकवॉटर व्हॉल्व्ह. हे सगळं प्लिंथच्या आधी, हात जोडून सांगतो.

३. नकाशा आणि परवानगी

यात फार सांगण्यासारखं नाही. नकाशात प्रत्येक फिक्स्चर (संडास, बेसिन, मोरी), पाईपचा व्यास, ढाळ, चेंबर आणि व्हेंट (हवेचा पाईप) दाखवा. बऱ्याच ठिकाणी अर्ज लायसन्सवाल्या प्लंबरच्या सहीनेच जातो, तेव्हा माणूस आधी ठरवा. रस्ता खोदायची परवानगी अनेकदा वेगळ्या खात्याची असते, एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं नाही.

४. ट्रॅप आणि व्हेंट, इथे काटकसर नको

बेसिनखाली तो वाकडा पाईप असतो ना, त्यात साचलेलं पाणी हेच गटार आणि तुमच्यामधलं दार. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळवाल्याने संडासासाठी असा एस आकाराचा वाक पेटंट केला, कल्पना आजही तीच. पाण्याची ही पट्टी साधारण ५० मिमी तरी हवी, काही ठिकाणी त्याहून जास्त मागतात. ती दोन कारणांनी जाते. एक, वापर नसला की पाणी सुकतं. दुसरं, वरच्या मजल्यावरून एकदम पाणी सुटलं की पाईपमध्ये ओढ तयार होते आणि ट्रॅपमधलं पाणी शोषून जातं, बेसिन रिकामं होताना शेवटी गुडगुड आवाज येतो तो बहुतेक हाच प्रकार. व्हेंट पाईप त्याचसाठी, हवा मिळाली की ओढ बसत नाही.

"एवढं काय होतंय" म्हणणाऱ्यांसाठी: २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या इमारतींमध्ये सार्स या श्वसनाच्या साथीच्या रोगाची लागण ३००हून जास्त लोकांना झाली, आणि तपासात बाथरूमच्या जमिनीतले सुकलेले ट्रॅप हे एक मोठं कारण निघालं. बंद पडलेल्या बाथरूममध्ये अधूनमधून तांब्याभर पाणी ओता, बस.

५. पाईप टाकताना

चर खोदला की तळ सारखा करून वाळूचं किंवा बारीक खडीचं बेडिंग द्या, विटांचे तुकडे टेकू म्हणून ठेवले की दोन टेकूंच्या मधे पाईपला पोट येतं आणि त्या पोटात सगळं साचतं. ढाळ डोळ्याने बघू नका, दोरी आणि पाणसळ लावा. आडव्या लाईनीत काटकोनी टी नको, वाय घ्या, पाणी वाहत्या दिशेने मिळायला हवं. दिशा बदलते तिथे चेंबर किंवा क्लीनआउट (पाईप साफ करायचं झाकणाचं तोंड), आणि त्याचं झाकण फरशीखाली गाडू नका, सुंदर दिसतं खरं पण तुंबल्यावर तीच फरशी फोडता. पिण्याच्या पाण्याची लाईन ड्रेनेजपासून लांब आणि वरच्या पातळीला ठेवा, किती लांब ते कोडमध्ये असतं.

६. बुजवण्याआधी टेस्ट

मिस्त्री म्हणेल "साहेब तपासून झालंय, माती टाकू का", तुम्ही नाही म्हणा. खालचं तोंड रबरी प्लगने बंद करा, पाणी भरा, पातळीवर पेन्सिलने खूण करा. वर सांगितलेल्या अमेरिकन कोडमध्ये ३ मीटर उंचीइतकं पाणी भरून १५ मिनिटं बघतात, तुमच्याकडे उंची आणि वेळ वेगळी असू शकते. खूण खाली सरकली की प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा, ओला झाला तो जोड गळतोय. इन्स्पेक्टर येऊन सही करेपर्यंत चर उघडा, पाऊस आला तरी. न दाखवता बुजवलेली लाईन ते परत उकरायला लावू शकतात आणि त्यावर वाद घालता येत नाही.

७. मेनला जोडणी

हे बहुतेक ठिकाणी संस्थेचे लोक किंवा त्यांनी नेमलेला ठेकेदारच करतो, स्वतः मेन पाईप फोडून घुसवलेलं कनेक्शन बेकायदा, वर पाईपचा टोकदार भाग आत राहिला की सगळ्या गल्लीचं तुंबतं. आणि चर बुजवण्याआधी मोबाईलने फोटो काढा, प्रत्येक फोटोत टेप पसरलेला, एक टोक भिंतीला आणि दुसरं पाईपला लावून. आमच्याकडे असे अकरा फोटो आहेत, गेल्या वर्षी झाड लावताना खड्डा कुठे घ्यायचा ते त्यातूनच ठरवलं.