लाइन गेली तरी चालेल डीएलपी बोर्ड, फवारणी पंपाच्या बॅटरीवर

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डीएलपी२००० या मायक्रोमिरर चिपच्या (बारीक आरशांनी चित्र पडद्यावर टाकणाऱ्या) प्रोजेक्टर बोर्डाला ५ व्होल्ट, ३ अँपिअरपर्यंत सप्लाय लागतो. कपाशीची फवारणी आटोपली की पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घरात पडूनच असते, ती वापरा.

१. बॅटरीच्या प्लसला ३ अँपिअरचा फ्यूज, पुढे ५ अँपिअरचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं सर्किट).

२. बोर्ड न जोडता आउटपुटला मल्टिमीटर लावून कन्व्हर्टरचा प्रीसेट (व्होल्टेज ठरवणारा छोटा स्क्रू) फिरवत ५.० व्होल्टवर आणा. नव्या कन्व्हर्टरचं आउटपुट बरेचदा १२ च्या जवळपास असतं. तसाच जोडला तर बोर्ड गेलाच समजा.

३. कन्व्हर्टरपासून बोर्डापर्यंतची वायर जाड आणि वीतभरच ठेवा. चार्जरच्या बारीक वायरीत बोर्डाचा एलईडी लागताच व्होल्टेज पडतं, बोर्ड सारखा रीसेट होतो आणि दोष उगाच बोर्डाला दिला जातो.

बंद करताना बॅटरी एकदम ओढू नका. आधी बोर्डावरून प्रोजेक्शन बंद करा, चिपवरचे आरसे पार्क होऊ द्या (म्हणजे आपल्या जागी स्थिर होऊ द्या), मगच सप्लाय काढा.