लिबरऑफिसचं रूप बदला, फाइलला हात न लावता

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सभेच्या नोटिसा आणि मेंटेनन्सचा हिशेब लिबरऑफिस या ऑफिसकामाच्या सॉफ्टवेअरवर होतो. फुकट आहे, काम चोख करतं, पण नवे खजिनदार आले की पहिला प्रश्न ठरलेला: ‘हे इतकं जुनाट का दिसतं हो?’ मूळचा थाट कुणी बदललाच नाही, म्हणून.

खरा फरक रंगानं नाही, मांडणीनं पडतो. तेव्हा सुरुवात तिथून करा. रायटर (त्यातला लिखाणाचा प्रोग्राम) उघडा, ‘व्ह्यू’ मेन्यूतल्या ‘यूझर इंटरफेस’वर जा आणि ‘टॅब्ड’ निवडा. वर होम, इन्सर्ट, लेआउट असे टॅब येतील. एमएस ऑफिसवर हात बसलेल्यांना शोधाशोध करावी लागत नाही. ‘अप्लाय टू ऑल’ दाबलंत तर हिशेबाचा प्रोग्राम कॅल्कसुद्धा तसाच दिसेल. ही मांडणी २०१९ च्या ६.२ आवृत्तीपासून रुळली, त्याहून जुनं असेल तर आधी अपडेट करा. नेहमीचा मेन्यू दिसेनासा झाला तर टॅबांच्या डाव्या टोकाचा छोटा आयकॉन दाबा.

मग आयकॉन. ‘टूल्स’मधून ‘ऑप्शन्स’ उघडा आणि ‘व्ह्यू’च्या पानावर ‘आयकॉन थीम’ बघा. तिथे नसेल तर त्याच यादीतल्या ‘अपिअरन्स’मध्ये असेल. कोलिब्रे किंवा ब्रीझ घ्या. सिफ्र एकरंगी आहे, फोटोत छान दिसतो, पण साठीपुढच्या सेक्रेटरींना त्यात सेव्ह कुठलं नि प्रिंट कुठलं ते चटकन कळणार नाही. त्यांच्यासाठी आयकॉनचा आकारही वाढवून ठेवा.

डार्क मोड याच पानांवर मिळतो. तो लावल्यावर जरा थांबून जुन्या फाइली उघडून बघा. कागदही काळा झाला असेल, तर ‘ऑटोमॅटिक’ रंगाची अक्षरं आपोआप पांढरी होतात. पण व्हॉट्सॲपवरून किंवा वेबसाइटवरून चिकटवलेल्या मजकुराला कुणीतरी काळा रंग पक्का दिलेला असतो. तो काळ्यावर काळा! अध्यक्षांना वाटतं, ठरावाचा अर्धा परिच्छेद उडाला. उडालेला नसतो, प्रिंटही नीट निघते. रंगांच्या यादीत ‘डॉक्युमेंट बॅकग्राउंड’ पांढरा करा: चौकट गडद राहते, कागद पांढरा.

सगळंच बिघडलं, तर ‘हेल्प’मधून ‘रीस्टार्ट इन सेफ मोड’ घ्या आणि सेटिंग्ज मूळपदावर आणा. हिशेबाच्या फाइली जशाच्या तशा राहतात.